पिवळा कुर्ता आणि काळा चष्मा

*ताई, मी मूळची परभणी जिल्ह्यातली. तीन वर्षांपासून पुण्यात आहे, दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. मानधन येईल तेव्हा येतं. यंदा थकलेलं बिल निघालं. घरी पैसे पाठवून, उधारी फेडून आठ हजार बाजूला काढलेत, फक्त कपड्यांसाठी. कपाट भरलेलं आहे आणि घालायला काही नाही अशी गत आहे. मागच्या महिन्यात पिवळाधमक कुर्ता घालून गेले, तर विभागातले ज्येष्ठ सर सगळ्यांदेखत म्हणाले, ‘साहित्याच्या माणसानं कपड्यांत एवढं रमू नये, मॅडम.’ तेव्हापासून तो कुर्ता घडी घालून ठेवलाय. जुलैत एका कार्यक्रमात कविता वाचायची आहे. तिथं सगळ्या जणी हातमागाच्या साड्या, ऑक्सिडाइज्ड दागिने, मोठ्ठं कुंकू अशा येतात. माझ्याकडे तसलं काही नाही. ट्रंकेत आजीचं एक इरकल लुगडं आहे, काळपट हिरवं, लाल काठाचं. पण नऊवारी नेसून गेले तर गॅदरिंगमधून उठून आल्यासारखी दिसेन. काय घेऊ? आणि खरंच, कपडे आवडणं हे उथळपणाचं लक्षण आहे का?*

*तासिका तत्त्वावरची, पुणे*

तुला ‘तू’च म्हणते, माझ्या भाचीएवढी असशील.

आधी तो पिवळा कुर्ता बाहेर काढ, इस्त्री कर आणि सोमवारी घालून जा. बाकीचं त्यानंतर.

तुझे सर काय घालतात ते तू लिहिलं नाहीस, पण मी ओळखते. झब्बा, वर जाकीट, खांद्याला शबनम, पायात कोल्हापुरी. चुकले असेन तर पुढच्या पत्रात कळव. मला या पोशाखाचं वावडं नाही, उलट चांगलाच दिसतो. पण तो पोशाख आहे, एवढं सरांनाही ठाऊक असायला हवं. त्या झब्ब्याला कुणीतरी कांजी घालतं, कडक इस्त्री करतं, जाकिटाचा रंग कुणीतरी निवडलेला असतो. मग रमलेलं कोण म्हणायचं?

आणि कपडे हा उथळ विषय आहे असं ज्याला वाटतं, त्याला महाडची आठवण द्यावी. डिसेंबर १९२७. सत्याग्रह परिषदेसाठी माणसं जमली होती, मनुस्मृतीचं दहन झालं होतं आणि त्याच मुक्कामात डॉ. आंबेडकर जमलेल्या बायकांशी बोलले. कशावर, तर लुगडं कसं नेसता यावर. ज्या नेसण्यावरून लांबूनच जात ओळखू येते ती पद्धत सोडा, हातात-गळ्यात दागिन्यांची जड ओझी नकोत, कापड फाटकं असलं तरी चालेल पण स्वच्छ असू द्या, असा त्या बोलण्याचा आशय होता. बायकांनी मनावर घेतलं आणि लगेच लुगडी नेसण्याची तऱ्हा बदलली. सांगणारा माणूस स्वतः बहुतेक वेळा सुटाबुटात. ज्यांच्या अंगावर काय असावं हे पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांनी ठरवलं, त्यांच्या बाबतीत नीटनेटका सूट हे केवढं मोठं विधान आहे, ते तुझ्या विभागात कुणाला समजावून सांगायची गरज पडू नये. म्हणजे उथळपणाचा प्रश्न मिटला. आता आठ हजारांचं बघू.

तुला एक निरीक्षण सांगते. जे लेखक आपल्याला त्यांच्या दिसण्यासकट आठवतात, त्यांच्याकडे भारी कपडे होते म्हणून नाही आठवत. त्यांनी एखादीच गोष्ट पुन्हापुन्हा केली म्हणून आठवतात. जी. ए. कुलकर्णी म्हटलं की काळा चष्मा. धारवाडात इंग्रजी शिकवणारा, लोकांपासून लांब राहणारा हा माणूस, आणि डोळ्यांवर तो गडद चष्मा. बाकी अंगात काय होतं, आठवतंय का कुणाला? शांताबाई शेळके म्हटलं की मोठं कुंकू आणि दोन्ही खांदे झाकून घेतलेला पदर. त्याही मराठीच शिकवायच्या, नागपूरला हिस्लॉपमध्ये, मुंबईत रुईयात. तो पदर काही बाजारातून विकत आणता येत नाही. इरावतीबाई कर्वे तर वेगळंच प्रकरण. पन्नासच्या दशकातल्या पुण्यात साडी नेसून स्कूटर चालवायच्या. नवरा हयात, तरी कुंकू नाही, मंगळसूत्र नाही. म्हणजे काय घालायचं नाही हे ठरवूनही माणसाची स्टाइल होते, आणि ती तर फुकट.

अमेरिकन लेखक मार्क ट्वेनचा पांढरा सूट तू चित्रात पाहिला असशील. आपल्याला वाटतं, जन्मभर हा गृहस्थ पांढऱ्यात वावरला. खरं तर डिसेंबर १९०६ मध्ये, वॉशिंग्टनच्या कडाक्याच्या थंडीत, कॉपीराइटवरच्या सुनावणीला तो पांढऱ्या सुटात गेला, वय ७१, आणि तेव्हापासून ती त्याची ओळख झाली. १९१० मध्ये तो गेला. उणीपुरी साडेतीन वर्षं! तेवढ्यात आधीच्या सत्तर वर्षांचे सगळे काळे कोट पुसले गेले. तुझ्याकडे तर अजून वेळच वेळ आहे.

तुझं ते जे ‘कपाट भरलेलं पण घालायला काही नाही’ आहे ना, त्याचं कारण हेच. तू दर वेळी नवीन कुणीतरी व्हायला जातेस. कपाटात पाच वेगवेगळ्या बायकांचे कपडे लटकलेत, आणि एकीचीही ओढणी दुसरीच्या कुर्त्यावर जात नाही. म्हणून माझं म्हणणं, पिवळा हा तुझा रंग म्हणून जाहीर करून टाक. हळदीपासून मोहरीच्या फुलापर्यंत, लिंबोणीपासून मधापर्यंत. अंगभर नको रोज. कधी कुर्ता, कधी नुसती ओढणी, कधी ब्लाउज. सहा महिन्यांत मुली म्हणायला लागतील, ‘पिवळ्या मॅडमचा तास आहे.’ सरांना सांगायला लागणार नाही.

आता हिशोब. तयार कुर्ते घेऊ नकोस, शिवून घे. लक्ष्मी रोडच्या गल्ल्यांत, तुळशीबागेच्या आसपास सुती कापड मीटरवर मिळतं. मी हल्लीच १८० रुपये मीटरनं घेतलं, बऱ्यापैकी जाड, हातानं चुरगळून सोडलं की पूर्वपदावर येणारं. पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, विचारून घे. ४४ इंची पन्ना असेल तर गुडघ्याखाली जाणाऱ्या, पाऊण बाहीच्या कुर्त्याला अडीच मीटर पुरतं. ३६चा असेल तर जास्त लागतं आणि दुकानदार ते आपण होऊन सांगत नाही. अडीच मीटरचे ४५०, शिलाई आमच्याकडे ४०० घेतात अस्तराशिवाय. असे चार कुर्ते, ३,४००. खाली तीन सरळ सुती पँटी, एक काळी, एक गडद निळी, एक ऑफव्हाइट, साधारण ५०० ला एक. या मात्र तयार घे आणि पावसाळी सेलमध्ये घे, कारण सेलमध्ये वरचे कपडे नेहमी कुणालाच नको असलेल्या रंगांचे उरतात, काळी पँट काळीच राहते. झाले ४,९००. मागे पट्टा असलेल्या चांगल्या सँडल ९००, तसल्याच पावसाळी ४००. दोन ओढण्या ५००. एक ब्लाउज शिलाईसकट ६००. ७,३०० झाले. उरलेल्या सातशेला हात लावू नकोस, त्यांचं काम पुढे सांगते.

चार कुर्ते म्हणजे फार कमी वाटतील. पण कुठलाही कुर्ता कुठल्याही पँटीवर जाईल असा बघितलास तर बारा जोड होतात, शिवाय ओढणी कधी घेशील कधी नाही. आणि तुझ्याकडे आत्ता जे कपडे आहेत त्यातलेही दोन-चार यात बसतीलच.

जोन डिडियन नावाची अमेरिकन लेखिका होती. पत्रकारितेच्या दिवसांत कधीही उठून गावाला जावं लागायचं, म्हणून तिनं बॅगेत काय भरायचं त्याची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवली होती. दोन स्कर्ट, दोन जर्सी, एक स्वेटर, दोन जोड बूट, बाकी सटरफटर, आणि हो, बर्बन व्हिस्कीची बाटली. यादी बघून वाटतं, काय ही शिस्त! पण पुढे तिनं स्वतःच लिहिलंय की या यादीत एक गोष्ट राहून गेली होती. घड्याळ. मग मोटेलच्या काउंटरला फोन करकरून वेळ विचारत बसायची. मला ती यादी या चुकीमुळेच आवडते. (याच बाईंनी ऐंशीव्या वर्षी, २०१५ मध्ये, एका फ्रेंच फॅशन कंपनीच्या जाहिरातीत काळा चष्मा घालून फोटो दिला आणि जगभर गाजला. आपल्या जीएंना कुणी विचारलंच नाही.) तूही तुझी यादी कपाटाच्या दाराला चिकटव. रविवारी संध्याकाळी आठवड्याचे कपडे काढून ठेवलेस तर सातच्या तासाला पळताना गोंधळ होणार नाही.

शिंप्याकडे जाण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, मगच दे. सुती कापड पहिल्या पाण्याला आटतंच. न भिजवता शिवलेला कुर्ता दोन धुण्यांनंतर काखेत करकचतो आणि आपल्याला वाटतं आपणच जाड झालो. गडद रंग पहिल्या दोन-तीन वेळा वेगळा धू.

आणि शिंप्याला सांग की मी शिकवते. हे फार महत्त्वाचं आहे. बाकीच्यांचे कुर्ते हात खाली ठेवून मापले जातात, तुझा हात दिवसातून चार तास फळ्यावर असतो. मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती काखेची गोलाई, थोडा सैल ठेवायला सांग. ट्रायलला आरशासमोर सरळ उभी राहू नकोस, उजवा हात पूर्ण वर कर, जणू फळ्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात तारीख लिहितेस. कुर्ता खांद्यातून ओढला जातो का? बाजूचा कट वर सरकून कंबर दिसते का? दिसत असेल तर कट दोन बोटं खाली घ्यायला सांग. मी वीस वर्षं शिकवलं, त्यातली पहिली पाच एका हातानं खडू आणि दुसऱ्या हातानं कुर्ता धरण्यात गेली. उजव्या बाजूला शिवणीत खिसा हवाच, खडू आणि मोबाइल दोन्ही मावेल एवढा. शिंपी म्हणेल, ‘लेडीजला खिसा कशाला?’ तू म्हण, पाहिजे. आणि एक, काळा कुर्ता फळ्याच्या कामाचा नाही. दुसऱ्या तासापर्यंत खडूच्या भुकटीनं तो भुरका होतो. काळं खाली घाल, वर नको.

जून ते सप्टेंबर ऑफव्हाइट पँट विसरून जा. पुण्यातला पाऊस मुंबईसारखा कोसळत नाही, तो चिकट रिपरिप करतो, आणि रस्त्यावरचा चिखल सपाट चपलेनं मागून पोटरीपर्यंत उडतो. मागे पट्टा असलेल्या सँडलनं हा त्रास निम्म्यानं कमी होतो, म्हणून तसल्या घे म्हटलं. चामड्याची कोल्हापुरी या दिवसांत घालू नकोस, भिजली की फुगते आणि वास मारते. पावसाळ्यात सगळं सुती असावं हा हट्टही नको. चारातला एक कुर्ता टेरिकॉटसारख्या मिश्र कापडाचा शिव, रात्री धुतला की पंख्याखाली सकाळी वाळलेला. रेयॉन मऊ असतं, पण पाणी पिऊन जड होतं, ते टाळ. आणि स्टाफरूमच्या कपाटात एक जास्तीचा कुर्ता कायम ठेव. सावित्रीबाई शाळेत जाताना पिशवीत दुसरं लुगडं न्यायच्या असं सांगतात, कारण वाटेत लोक शेण आणि चिखल फेकायचे. आपल्यावर फक्त पीएमपी बस पाणी उडवते, पण सोय तीच.

उन्हाळ्यात फिका निळा आणि फिका राखाडी हे दोन रंग नकोत. दिसायला थंड वाटतात, पण काखेतला घाम त्यांच्यावर नकाशासारखा उमटतो. पांढऱ्यावर नाही दिसत, बारीक छापाच्या कापडावर तर मुळीच नाही. तुझ्या पिवळ्यालाही जपून, मलमलचा फिका पिवळा घेतलास तर आत स्लिप हवी.

थंडीचं दिवाळीनंतर बघू. ते सातशे रुपये त्यासाठीच. डिसेंबरात रस्त्याकडेला तिबेटी स्वेटरवाले बसतात, त्यांच्याकडून समोर बटणं असलेला, गडद निळा, साधा स्वेटर घे. सकाळी घालायचा, अकराला काढून खुर्चीवर टाकायचा. फुलाफुलांचा घेऊ नकोस, चारही कुर्त्यांशी भांडेल.

आता ती हातमागाची फौज. खरं सांगू? मीही त्या फौजेत होते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका परिसंवादात बोलायचं होतं, तर हप्त्यांवर एक साडी घेतली. घरखर्चाच्या मानानं फारच महाग. कांजीनं पुठ्ठ्यासारखी कडक. स्टेजवरच्या सोफ्यावर बसले की निऱ्या समोर तंबूसारख्या उभ्या राहायच्या. माझं सगळं लक्ष त्या दाबण्यात. नंतर चहाला सात जणींनी साडी कुठून घेतली विचारलं, भाषणाबद्दल एकीनंही नाही. साडीचा दोष नव्हता गं. ती कुणा विणकरानं जीव ओतून विणली होती. मी मात्र ती त्या बायकांसारखं दिसायला नेसले होते, आणि अंगाला ते बरोबर कळतं. हप्ते संपेपर्यंत ती दोनदा नेसली.

तुझ्या ट्रंकेत इरकल आहे आणि तू मला विचारतेस काय घेऊ! त्या कार्यक्रमातल्या निम्म्या जणी असलं इरकल दुकानात शोधत फिरतात.

नऊवारी नेसायचं धाडस असेल तर खुशाल नेस, कुणी काही म्हणत नाही. पण तुला अवघडल्यासारखं होणार असेल तर त्याची सहावारी होते. आधी आईला विचार, हे मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. लुगडं आजीचं आहे, त्यावर कात्री तुझ्या एकटीच्या मर्जीनं चालू नये. आईनं होकार दिला तर लुगडं खिडकीशी उजेडासमोर धर आणि वीत वीत सरकवत बघ. जिथं कापड विरलंय तिथं जाळीसारखा उजेड येतो. घड्यांच्या रेषा खास बघ, वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं कापड तिथंच आधी तुटतं. दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडायला हवी होती, पण ते आता राहू दे. काष्ट्याचा भागही बहुधा झिजलेला असेल.

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. सहावारीला साडेपाच मीटर लागतात. कापायचं ते आतल्या टोकाकडून, पदराकडून चुकूनही नाही. इरकलीची सगळी शान त्या लाल पदरात असते, तो अंगाच्या धाग्यांना फासे घालून जोडलेला असतो, तिथं कात्री लागली की संपलं. उरलेलं पावणेतीन मीटर धड असेल तर ते आडवं धरून कुर्ता शिवून घे, म्हणजे लाल काठ खाली घेरावर येतो. आत अस्तर लाव. तुझा पाचवा कुर्ता, फक्त शिलाईच्या पैशांत.

साडीवर ब्लाउज पिवळा, हिशोबातला ६०० चा तोच. हिरव्यावर लाल काठ, त्यावर हळदीचा पिवळा, शेतात बघितलेलेच रंग आहेत हे, न जुळायचा प्रश्नच नाही. ब्लाउजची बाही कोपरापर्यंत घे. माइकसमोर कागद धरल्यावर लोक तुझे हात बघणार, दंड नाही. दागिना एकच, कानातलं. हात मोकळे ठेव, बांगड्या माइकजवळ वाजतात. कुंकू तू रोज जेवढं लावतेस तेवढंच, रोज लावत नसशील तर त्या दिवशीही नको. कार्यक्रमाआधी घरात दोन तास साडी नेसून वावर, जिना चढ-उतर, कविता मोठ्यानं वाच.

फॉल-पिकोला टाकशील तेव्हा दुकानात बजावून सांग की फॉल सुतीच हवा, आणि तो आधी पाण्यातून काढून मगच लाव. नाहीतर पहिल्याच धुण्यात फॉल आटतो, साडी आटत नाही, आणि खालचा काठ चुण्या पडून वर गोळा होतो. मग तो फॉल उसवून पुन्हा लावायचे वेगळे पैसे घेतात.